जेवतोय की जेवलोय? इंग्रजीतले वर्तमानकाळ बोलून आणि वाचून पक्के करण्याचा क्रम

कोथरूडमध्ये संध्याकाळी मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. येणाऱ्यांत नर्स असतात, दुकान सांभाळणाऱ्या काकू असतात, निवृत्त काका असतात. काळांचा तक्ता जवळजवळ सगळ्यांना पाठ असतो. फोन वाजला की तो तक्ता डोक्यातून जातो.

आमच्यातल्या एका इलेक्ट्रिशियन दादांना बाणेरच्या गिऱ्हाईक मॅडमचा फोन आला. दादा नळ स्टॉपच्या सिग्नलला अडकलेले. घाईत म्हणाले, "येस मॅडम, आय केम, आय केम." मॅडमनी दार उघडून पाहिलं, बाहेर कोणी नाही. पाच मिनिटांनी पुन्हा फोन, आवाज चढलेला. दादा खोटं बोललेच नव्हते. मराठीत "आलो, आलो" हे वाटेतलाच माणूस म्हणतो. इंग्रजीत "केम" म्हणजे येऊन झालं.

आपल्या बहुतेक चुका अशाच होतात. व्याकरण येत नसतं असं नाही, मराठी क्रियापदाचं रूप तसंच्या तसं उचलून इंग्रजीत ठेवलं जातं. आणि चारही वर्तमानकाळ एकदम सरावाला घेतल्यामुळे गोंधळ वाढतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. एक पायरी जिभेवर बसेपर्यंत पुढची उघडायची नाही.

## आधी तयारी

चार गोष्टी लागतात: वही, आवाज रेकॉर्ड करणारा फोन, जोडीदार आणि वाचायला योग्य मजकूर.

वहीत पहिल्या दिवशी इंग्रजीचा एक शब्दही लिहू नका. दिवसभरात तुम्ही मराठीत खरोखर बोललेली तीस वाक्यं लिहा. "दूध उतू जातंय." "किल्ली कुठे ठेवलीय?" "त्यांना शुगर आहे." "पाणी आलं का?" "मी बघतो." पुस्तकातली "राम आंबा खातो" छापाची वाक्यं नकोत, ती आयुष्यात कधी बोलायची वेळ येत नाही.

जोडीदार मैत्रीण असू दे, जाऊ असू दे, ऑफिसातला सहकारी असू दे. नवरा-बायकोने एकमेकांचे जोडीदार होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण टोकाटोकी लगेच घरच्या विषयांवर जाते. नियम एकच: समोरचा बोलत असताना मध्ये थांबवायचं नाही. बोलणं संपल्यावर फक्त एक चूक सांगायची, तीही सध्या चालू असलेल्या पायरीतली.

वाचनाचा मजकूर निवडताना फार लोक चुकतात. अप्पा बळवंत चौकात जाऊन गोष्टींची इंग्रजी पुस्तकं आणतात आणि महिनाभर वाचूनही वर्तमानकाळ हाती लागत नाही. लागणार कसा? गोष्टी बहुतेक भूतकाळात लिहिलेल्या असतात. त्याऐवजी लहान मुलांची प्राणी, शरीर, यंत्रं यांची माहिती देणारी पुस्तकं घ्या. "अ फ्रॉग ईट्स इन्सेक्ट्स, इट लिव्ह्ज निअर वॉटर" अशी वाक्यं त्यांत पानोपानी असतात. मिक्सर किंवा वॉशिंग मशीनसोबतची माहितीपुस्तिका, नोकरीच्या जाहिराती आणि क्रिकेट सामन्याचं लिखित समालोचनही उपयोगी पडतं.

सुरू करण्यापूर्वी तपासा: दोन मिनिटं कसलीही तयारी न करता स्वतःविषयी इंग्रजीत बोला आणि रेकॉर्ड करा. ऐकू नका, तारीख टाकून ठेवून द्या. शेवटी हेच रेकॉर्डिंग लागणार आहे.

## पायरी १: मराठी वाक्यं पाच कप्प्यांत घाला

ती तीस वाक्यं आता वाटून टाका.

१. रोजचं किंवा नेहमीचं: "मी पाचच्या बसने जातो."
२. आत्ता चाललेलं: "मी जेवतोय."
३. होऊन गेलेलं, पण आत्ता लागू असलेलं: "मी जेवलोय."
४. मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं: "मी दहा वर्षांपासून इथे राहतोय."
५. शब्द देणं: "मी आणतो", "बघतो", "करते मी."

"जेवतोय" आणि "जेवलोय" यांत "तो" आणि "लो" एवढाच फरक आहे, तरी कोणीही मराठी माणूस त्यात चुकत नाही. समोरच्याला वाढायचं की नाही, हे त्या एका अक्षरावर ठरतं. म्हणजे काळाची जाण आपल्याकडे आहेच. अडचण आहे ती "आहे"ची. मराठीत दोन्हीकडे तोच "आहे" लपलेला असतो: जेवतो आहे, जेवलो आहे. इंग्रजीत त्याच्या दोन वाटा होतात. पहिल्याला अ‍ॅम, इज, आर लागतं, दुसऱ्याला हॅव किंवा हॅज. कप्पे नीट पडले की ही वाट आपोआप ठरते.

पाचवा कप्पा मुद्दाम वेगळा ठेवलाय. "मी आणतो" हे रूपाने वर्तमान दिसतं, पण तो दिलेला शब्द आहे. त्याला "आय ब्रिंग" म्हणू नका, "आयल ब्रिंग इट" म्हणा. "मी करते" म्हणजे "आयल डू इट". "आलोच" म्हणजे "आय अ‍ॅम जस्ट कमिंग". ही पाच-सहा वाक्यं पाठच करून टाका, त्यावर विचार करत बसण्यात अर्थ नाही.

## पायरी २: रोजचं बोला

याला आठ-दहा दिवस द्या. सोपं वाटतं म्हणून लोक दोन दिवसांत उरकतात आणि वर्षभर "ही गो" म्हणत राहतात.

क्रम असा ठेवा. पहिले दोन दिवस फक्त स्वतःबद्दल: "आय गेट अप अ‍ॅट सिक्स. आय मेक टी." इथे "आय अ‍ॅम गेट अप" होऊ देऊ नका. "मी उठतो" यात "आहे" नाही, तसाच इथे अ‍ॅमही नाही. पुढचे तीन दिवस घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल बोला. सासरे, मुलगी, शेजारच्या काकू, कोणीही. "शी वर्क्स इन अ बँक. शी टेक्स द मेट्रो फ्रॉम वनाज." त्यानंतर नकार आणि सगळ्यात शेवटी प्रश्न.

तिसऱ्या व्यक्तीचा एस गळतो, कारण तो लिहिताना दिसतो पण बोलताना तोंडातच विरतो. म्हणून तो ऐकायला शिका. वर्क्स, टेक्स यांत स्वच्छ "स" आहे. लिव्ह्ज, गोज यांत "माझा"मधल्या झच्या जवळचा आवाज आहे. वॉचेस, क्लोजेस यांत शेवटी एक जास्तीचा "इझ" उमटतो. पहिल्या आठवड्यात हा आवाज जरा ओढून म्हणा. विचित्र वाटेल, वाटू दे.

सावधान: एस एका वाक्यात एकदाच. प्रश्नात किंवा नकारात तो "डज"मध्ये गेला की क्रियापदावरून उतरतो. "डज शी वर्क्स?" चूक, "डज शी वर्क?" बरोबर. "ही डोन्ट नो" चूक, "ही डझंट नो" बरोबर.

प्रश्नांचं दुसरं दुखणं शब्दक्रमाचं. "तू कुठे काम करतोस?" यावरून "व्हेअर यू वर्क?" तयार होतं. मध्ये "डू" हवाच: "व्हेअर डू यू वर्क?" जोडीदाराला रोज पाच प्रश्न विचारा, सगळे कुठे, कधी, किती वाजता, कसं आणि का यांनी सुरू होणारे.

वाचनात या पायरीला माहितीपुस्तकाचं एक पान पुरे. आधी मनात वाचा आणि एस लागलेली क्रियापदं पेन्सिलीने अधोरेखित करा. मग मोठ्याने वाचा. मग पुस्तक मिटून त्यातली तीन वाक्यं जोडीदाराला सांगा. तिसरा भाग गाळलात तर वाचन डोळ्यांपुरतं राहतं.

याच काळाचा आणखी एक उपयोग इथेच लक्षात ठेवा. वेळापत्रकातली गोष्ट उद्याची असली तरी साध्या वर्तमानात बोलतात: "द डेक्कन क्वीन लीव्ह्ज पुणे अ‍ॅट सेव्हन फिफ्टीन टुमॉरो मॉर्निंग." मराठीतही आपण "उद्या गाडी सव्वासातला सुटते" असंच म्हणतो, त्यामुळे हे सहज जमतं.

तपासा: सकाळी चहा करता करता घरातल्या एका माणसाचा पूर्ण दिवस दहा वाक्यांत सांगा आणि रेकॉर्ड करा. दहापैकी आठ वेळा एस स्पष्ट ऐकू आला तर पुढे जा. नाहीतर अजून तीन दिवस इथेच.

## पायरी ३: आत्ता चाललेलं

ही पायरी घरी बसून करू नका. स्वारगेटहून कात्रजला जाणाऱ्या पीएमपीत खिडकीशी बसा आणि दिसेल ते मनातल्या मनात बोला. "अ मॅन इज सेलिंग ग्वावाज. टू गर्ल्स आर क्रॉसिंग द रोड. द कंडक्टर इज काउंटिंग कॉइन्स." बस हलत असते, त्यामुळे वाक्य शोधायला वेळ मिळत नाही, आणि तेच आपल्याला हवंय. फोनवर "कुठेस?" विचारलं की उत्तर याच काळात द्या: "आय अ‍ॅम वेटिंग निअर द सिग्नल."

इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्ही आपल्या मराठीनेच खणलेले आहेत.

पहिला "बसलाय"चा. खिडकीतून तुम्हाला दिसतं: एक आजोबा बाकावर बसलेत, त्यांनी पांढरी टोपी घातलीय, शेजारी कुत्रं झोपलंय. मराठीत तिन्ही क्रियापदं "झालेलं" दाखवणारी. पहिल्या पायरीत आपण "ल" दिसला की हॅव-हॅज असं ठरवलं, त्यामुळे हात लगेच तिकडे जातो. पण इंग्रजी या अवस्था चालू मानते: "ही इज सिटिंग ऑन अ बेंच. ही इज वेअरिंग अ व्हाइट कॅप. द डॉग इज स्लीपिंग." बसणं, झोपणं, उभं असणं, लोंबकळणं, अंगावर घालणं ही एवढी यादी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा. शरीराची ठेवण किंवा अंगावरचा कपडा दिसत असेल तर इंग्रजीत आयएनजी, मराठीत काही का असेना. "भूक लागलीय", "दमलोय" यांना तर अ‍ॅम, इज, आरशिवाय दुसरं क्रियापदच लागत नाही: "आय अ‍ॅम हंग्री", "आय अ‍ॅम टायर्ड".

दुसरा खड्डा आयएनजी नको तिथे लावण्याचा. "आय अ‍ॅम नोइंग हिम", "शी इज हॅविंग टू ब्रदर्स", "आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग". माझ्या वर्गात सगळ्यात उपयोगी पडलेली खूण सांगते. मराठीत ज्या क्रियापदाचा कर्ता "मला" होतो, त्याला इंग्रजीत सहसा आयएनजी लागत नाही. मला माहीत आहे: "आय नो". मला आवडतं: "आय लाइक". मला हवंय: "आय वाँट". मला समजतं: "आय अंडरस्टँड". मला आठवतं: "आय रिमेंबर". मला दोन भाऊ आहेत: "आय हॅव टू ब्रदर्स". दिसतंय आणि ऐकू येतंय यांना "आय कॅन सी", "आय कॅन हिअर" म्हणा.

खूण शंभर टक्के चालत नाही. "मला बरं वाटत नाहीये" याला "आय अ‍ॅम नॉट फीलिंग वेल" अगदी बरोबर आहे. "हॅविंग"ही खाण्यापिण्याच्या अर्थाने चालतं: "वी आर हॅविंग लंच." मालकीच्या अर्थाने मात्र नाही.

सावधान: रोजच्या गोष्टीला आयएनजी लावण्याची सवय आपल्याकडे ऑफिसांतही सर्रास ऐकू येते: "डेली आय अ‍ॅम गोइंग बाय बस." लोकांना कळतं, म्हणून कोणी दुरुस्त करत नाही. मुलाखतीत किंवा परदेशी गिऱ्हाइकाशी बोलताना हीच चूक आधी कानाला लागते. वाक्यात एव्हरी डे, युज्वली, ऑल्वेज आलं की साध्या वर्तमानात या.

प्रश्नातला शब्दक्रम इथेही तपासा. "व्हॉट यू आर डूइंग?" नव्हे, "व्हॉट आर यू डूइंग?"

## पायरी ४: झालेलं, पण आत्ता लागू

स्वयंपाकघर ही या सरावाची उत्तम जागा. "हॅव यू वॉश्ड द राइस?" "येस, आय हॅव. आय हॅवंट कट द अनियन्स येट." दोघींनी मिळून पोहे केले तरी वीस वाक्यं होतात.

आधी क्रियापदाची तिसरी रूपं लागतील. दोनशे रूपांचा तक्ता घोकू नका. स्वतःच्या तीस वाक्यांत येणारी पंचवीसच रूपं काढा: डन, गॉन, कम, टेकन, गिव्हन, सीन, ईटन, ब्रोकन, रिटन, पेड, सेंट, बॉट, लॉस्ट, पुट, केप्ट अशी. फक्त शब्द पाठ करू नका, "हॅव"ला चिकटवूनच म्हणा: हॅव डन, हॅव सीन, हॅव लॉस्ट. सुटं म्हटलं की बोलताना "आय डन", "आय सीन" निसटतं.

सर्वांत मोठी चूक कालच्या तारखेची. मराठीत "मी काल बिल भरलंय" सहज चालतं. इंग्रजीत "आय हॅव पेड द बिल यस्टर्डे" चालत नाही. कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवता येईल अशी संपलेली वेळ वाक्यात आली, म्हणजे काल, सोमवारी, गेल्या महिन्यात, दोन तासांपूर्वी, की हॅव-हॅज सोडा आणि भूतकाळात जा: "आय पेड द बिल यस्टर्डे." वेळ सांगितली नसेल तर "आय हॅव पेड द बिल" बरोबर.

"मुंबईला गेलाय" आणि "मुंबईला जाऊन आलाय" हा फरक मराठीत आहेच, तो तसाच वापरा. गेलाय, अजून तिथेच आहे: "ही हॅज गॉन टू मुंबई." जाऊन आलाय: "ही हॅज बीन टू मुंबई." म्हणून स्वतःबद्दल बोलताना "आय हॅव गॉन टू गोवा ट्वाइस" म्हणू नका. तुम्ही इथे समोर उभ्या आहात, तेव्हा "आय हॅव बीन टू गोवा ट्वाइस".

तपासा: जोडीदाराने "हॅव यू एव्हर..." असे पाच प्रश्न विचारावेत. उत्तर हो असेल तर लगेच "व्हेन?" विचारावं. पहिलं उत्तर हॅवने आणि दुसरं भूतकाळात आलं, की पायरी झाली. हा बदल अडखळत असेल तर अजून चार दिवस हेच करा.

## पायरी ५: "पासून"चा हिशेब

"आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स टेन इयर्स." या एका वाक्यात दोन चुका आहेत.

पहिली काळाची. मागे सुरू होऊन अजून चालू असेल तर "हॅव बीन" आणि आयएनजी: "आय हॅव बीन लिव्हिंग". दुसरी "पासून"ची. मराठीत "२०१५पासून" आणि "दहा वर्षांपासून" दोन्हीकडे तोच प्रत्यय लागतो. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर सिन्स, लांबी असेल तर फॉर. सोपी परीक्षा अशी: "दहा वर्षं झाली" असं म्हणता येतं, म्हणजे फॉर. "२०१५ झाली" असं म्हणता येत नाही, म्हणजे सिन्स.

"मला"वाली क्रियापदं इथेही आयएनजी घेत नाहीत. ओळखणंही त्यांच्याच पंक्तीत बसवा: "आय हॅव नोन हर सिन्स स्कूल." "आय नो हर सिन्स स्कूल" ही चूक चांगलं बोलणाऱ्यांकडूनही होते.

## पायरी ६: मिसळीचं वाचन

आता इंग्रजी पेपर उघडा, पण मथळ्यांपासून सांभाळून. मथळा वर्तमानकाळात असतो आणि घटना कालची असते. "रेन फ्लड्स रोड्स" असं वर असेल तर खाली बातमीत "फ्लडेड" सापडेल. मथळ्याची नक्कल करून "यस्टर्डे रेन फ्लड्स द रोड" म्हणू नका. मथळ्यात "टू" आलं, जसं "मिनिस्टर टू व्हिजिट पुणे", तर ती पुढे घडणारी गोष्ट असते. म्हणून रोज एका बातमीचा मथळा आणि पहिलं वाक्य शेजारी शेजारी वहीत लिहा आणि क्रियापदाचं काय झालं ते पाहा.

क्रिकेटच्या समालोचनालाही स्वतःची रीत आहे. चेंडू टाकून, मारून होतो आणि तरी लिहितात "ही ड्राइव्ह्ज थ्रू द कव्हर्स". झटपट घडणाऱ्या कृती तिथे साध्या वर्तमानात येतात. तिसऱ्या व्यक्तीच्या एससाठी याहून चांगला सराव मला माहीत नाही. एक षटक मोठ्याने वाचा, मग तेच जोडीदाराला भूतकाळात सांगा.

## पायरी ७: न ठरवता बोला

दहा मिनिटांची गप्पांची बैठक, आठवड्यातून तीनदा. विषय जोडीदाराने ऐन वेळी द्यायचा: सोसायटीतलं पाण्याचं वेळापत्रक, मुलीची दहावी, नवा बॉस. बोलणाऱ्याने काळाचा विचार करायचा नाही. ऐकणाऱ्याने वहीत फक्त रेघा मारायच्या, कुठल्या पायरीची चूक किती वेळा झाली त्याच्या.

शेवटी रेघा मोजा. सगळ्यांत जास्त रेघा ज्या पायरीवर असतील, फक्त त्या पायरीचा सराव पुढचे चार दिवस करा. सगळं पहिल्यापासून सुरू करणं ही इथली नेहमीची चूक आहे, त्यात येत असलेलंच पुन्हा घोटलं जातं आणि दुखरी जागा तशीच राहते.

मग ते पहिलं रेकॉर्डिंग काढा. तेव्हा बोललेली वाक्यं शब्दशः कागदावर उतरवा आणि आजच्या जाणिवेने लाल पेनाने तपासा. दादांच्या पहिल्या दोन मिनिटांत अकरा लाल खुणा निघाल्या, त्यातल्या सात एकट्या तिसऱ्या पायरीच्या. त्यांनी त्या पानाचा फोटो काढून फोनच्या पडद्यावर लावलाय. गिऱ्हाइकाचा फोन आला की उचलायच्या आधी त्यांना तो दिसतो.